नवी कल्पना म्हणजे वाटणीचा नवा नियम

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात २६ जानेवारी २०२४ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर. बऱ्याच सभासदांनी मागितला, म्हणून थोडा नीटनेटका करून स्मरणिकेसाठी देत आहे.)



रौप्यमहोत्सव समितीने मला विषय दिला आहे, ‘समाजाची प्रगती आणि नव्या कल्पना’. विषय मोठा आणि वेळ वीस मिनिटं. शिवाय माझ्यानंतर बी विंगच्या भगिनींचा कार्यक्रम आहे आणि त्यानंतर जेवण. त्यामुळे मी लांबण लावणार नाही. पण समितीला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, की मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस आहे. मला कुठलाही विषय द्या, मी पाण्यावर येणार. तेव्हा तयारी ठेवा.

नवी कल्पना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मोबाईल, ॲप, गेटवरचा कॅमेरा, गच्चीवरचं सोलर. ही सगळी चांगलीच आहेत. पण तुम्ही नीट बघा, यंत्र आलं म्हणून समाज पुढे जातोच असं नाही. पंप आला तेव्हा ज्याच्याकडे पैसा होता त्याने विहिरीवर पंप बसवला आणि शेजारच्याची विहीर आटली. यंत्र नवं होतं, पण वाटणी जुनीच होती, ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’. माझं म्हणणं असं आहे, की समाजाला खरोखर पुढे नेणारी कल्पना म्हणजे बहुतेक वेळा वाटणीचा नवा नियम असतो. काम कोणाला, पाणी कोणाला, मत कोणाला, खर्च कोणावर, हे ठरवण्याची नवी रीत. ती कागदावर दोन ओळींत मावते. पण त्या दोन ओळी अमलात आणायला माणसं आयुष्य घालवतात.

आपण ज्या छपराखाली बसलो आहोत तिथूनच सुरुवात करू. आपल्या सोसायटीत एक खोली-किचनवाले सभासद आहेत आणि तीन बेडरूमवालेही आहेत. कोणी चौपट पैसे भरून घर घेतलं. पण सर्वसाधारण सभेत हात वर करायची वेळ आली, की दोघांचा एकेकच हात मोजला जातो. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण सहकार कायद्यात ते लिहिलेलं आहे. पण कंपनीत असं नसतं. तिथे जितके शेअर तितकी मतं. मग ‘एक सभासद, एक मत’ हे आलं कुठून?

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गिरणगाव आहे. १८४४ साली तिथल्या २८ जणांनी, ज्यांत बरेचसे विणकर होते, आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकत माणशी एक पौंड जमवला. दुकानदार भेसळीचा माल विकत, उधारीत माणसं अडकत. तेव्हा यांनी ठरवलं, की आपलं दुकान आपणच काढायचं. २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेन नावाच्या गल्लीत त्यांचं दुकान उघडलं. माल किती? लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. आजूबाजूचे दुकानदार हसले असणारच. पण त्या दुकानाच्या पाठीमागे जे नियम होते ते हसण्यासारखे नव्हते. माल शुद्ध, माप पुरं, व्यवहार रोखीचा, नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत, आणि मत मात्र प्रत्येकाला एकच. पैसा किती गुंतवला याचा मताशी संबंध नाही. त्या दोन-चार नियमांवर जगभरची सहकारी चळवळ उभी राहिली. आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, १९६० साली महाराष्ट्राचा स्वतःचा सहकारी संस्था अधिनियम झाला आणि १९९९ साली आपल्याला नोंदणी क्रमांक मिळाला. म्हणजे रॉचडेलच्या विणकरांचं आणि आपलं नातं आहे, लांबचं का होईना.

आता आपल्या मातीत येतो. १९७२ चा दुष्काळ. इथे साठीच्या पुढचे जे बसलेत त्यांना मी वेगळं सांगायला नको. रेशनवरचा तांबडा मिलो, कामावर मिळणारी सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग. माझी आई नगर जिल्ह्यात खडी फोडायला जायची. मी तेव्हा अकरावीत होतो. मस्टरवर नाव लागलं की त्या दिवशी घरात चूल पेटणार हे नक्की असायचं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. एवढा भीषण दुष्काळ, पण लोक मोठ्या संख्येने भुकेने मेले नाहीत, याचं मोठं कारण ती कामं.

पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. सरकारने काढलं तर काढलं. नवी कल्पना होती ती वेगळीच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. त्यांच्या डोक्यात दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून एक विचार होता. जो माणूस अंगमेहनतीचं काम मागेल त्याला ते देणं सरकारवर बंधनकारक असावं. काम ही भीक नव्हे, हक्क. १९६५ साली तासगाव तालुक्यात हा प्रयोग लहान प्रमाणावर झाला. मग दुष्काळ आला, प्रयोगाची योजना झाली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. म्हणजे आज त्याला बरोबर पंचेचाळीस वर्षं झाली. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता, आणि बाईला व पुरुषाला एकच दर. पुढे २००५ साली देशाने याच धर्तीवर कायदा केला.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे. अगदी तुमच्या खिशाशी आहे. पगाराच्या स्लिपवर ‘पी. टी.’ नावाची एक कपात असते. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. आपण ‘काय हा जाच’ म्हणून सोडून देतो. हा व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या नोकरदारांनी थोडं द्यायचं, सरकारने त्यात आपली भर घालायची, आणि खेड्यातल्या भूमिहीन बाईच्या हाताला काम द्यायचं. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येक नोकरदाराने वर्षानुवर्षं कुठल्या तरी पाझर तलावाच्या मातीत आपली एक घमेली टाकली आहे. ते आपल्याला कोणी सांगितलं नाही, एवढंच. वाटणीचा नवा नियम हा असा. एका बाजूला थोडं काढलं, दुसऱ्या बाजूला हक्क म्हणून दिलं, आणि दोन्ही कायद्यात लिहून ठेवलं.

त्याच दुष्काळाने आणखी एक माणूस घडवला, आणि खरं म्हणजे मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. विलासराव साळुंखे. पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक. त्यांचा कारखाना अचूक मोजमापाची उपकरणं बनवायचा. १९७२ साली ते पुरंदर तालुक्यात गेले. आपल्याकडून दिवे घाट चढलं की पुरंदर लागतं. घाटाच्या अलीकडे पाऊस, पलीकडे पर्जन्यछाया. तिथे हजारो माणसं उन्हात खडी फोडताना त्यांनी पाहिली. इंजिनिअरच्या मनात जो प्रश्न यायला हवा तो आला. एवढे हात आहेत, तर ते पाणी अडवायला का लावत नाहीत? खडी फोडून पुढच्या दुष्काळाची सोय होत नाही. बांध घालून होते.

त्यांनी नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली. पत्नी कल्पनाताईंसह तिथे मुक्काम ठोकला. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, त्याखाली विहीर घेतली, आणि विहिरीचं पाणी उचलून पुन्हा वरच्या शेताला दिलं. ही झाली तांत्रिक बाजू. आमच्या खात्यातल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला ती समजली असती. पण पाणी जमल्यावर पुढचा प्रश्न येतो, तो तांत्रिक नाही. हे पाणी कोणाचं?

आमच्याकडे, म्हणजे कालव्यावर, उत्तर ठरलेलं असतं. पाणी जमिनीला. ज्याची जमीन लाभक्षेत्रात, त्याला पाणी. जास्त जमीन, जास्त पाणी. जमीनच नसेल तर पाण्याचा प्रश्नच येत नाही. त्यातही कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला भरपूर, आणि शेवटच्या टोकाला, ज्याला आम्ही ‘टेल’ म्हणतो, तिथल्या शेतकऱ्याला आवर्तन संपत आलं तरी चारी कोरडी. मी टेलच्या शेतकऱ्यांच्या शिव्या एकतीस वर्षं खाल्ल्या आहेत. त्यातल्या निम्म्या तरी रास्त होत्या.

साळुंखे आणि पुरंदरचे शेतकरी यांनी मिळून जी ‘पाणी पंचायत’ उभी केली, तिने हे उत्तर उलटं केलं. त्यांचे नियम मी तुम्हाला मोजून सांगतो. बोटांवर मावतील इतकेच आहेत.

पहिला नियम, योजना एकट्यादुकट्याला नाही, गटाला. दुसरा, पाणी जमिनीला नाही, माणसाला. घरात जितकी माणसं तितकं पाणी. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. तिसरा, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. चौथा, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. पाचवा, ऊस नाही, कारण ऊस लावला की एकाच्या शेतात दहाजणांचं पाणी मुरतं. आणि सहावा, खर्चातला २० टक्के वाटा लाभार्थ्यांनी आधी स्वतः भरायचा. बाकीचा ५० टक्के सरकारी अनुदान, आणि ३० टक्के साळुंख्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज. पाणी सोडायला गटाने आपलाच पाटकरी नेमायचा.

जरा हिशोब करून बघा. एका घरात नवरा-बायको आणि दोन मुलं, चार माणसं. दोन एकराचं पाणी. दुसऱ्या घरात पाच माणसं आणि वीस एकर जमीन. त्यांना अडीच एकराचं. बाकीची साडेसतरा एकर पावसाच्या भरवशावर. तिसऱ्या घरात जमीन शून्य, माणसं तीन. त्यांचा हक्क दीड एकराच्या पाण्याचा. आता त्या भूमिहीनाकडे पाणी आहे पण जमीन नाही, आणि वीस एकरवाल्याकडे जमीन आहे पण पाणी नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वीस एकरवाल्याला भूमिहीनाच्या दारात जाऊन ‘आपण वाट्याने करू या का’ असं विचारायची वेळ येते. नुसता वाटणीचा नियम बदलला आणि दोन घरांमधलं बोलणं बदललं. मी खात्यात होतो तेव्हा पहिल्यांदा हे नियम वाचले, तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नव्हती. कारण आम्ही धरणं बांधली, कालवे खणले, क्युसेक मोजले, पण ‘घरात माणसं किती’ हा रकाना आमच्या अर्जात कधी नव्हता.

मोठ्या जमिनीवाल्यांनी हे का मान्य केलं असेल, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सगळ्यांनी केलं नाहीच. पण ज्यांनी केलं त्यांचं गणित सरळ होतं. वीस एकर कोरडी असण्यापेक्षा अडीच एकर खात्रीची ओली बरी. आठमाही का होईना, पाणी येणार म्हणजे येणार. आणि पाईपलाईन एकट्याच्या खर्चाने होणार नव्हती. त्याला भूमिहीनाचा हात आणि गटाची सही लागणारच होती.

हे सगळं सोन्यासारखं झालं असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. पुरंदर आणि आसपासच्या भागात अशा अनेक उपसा योजना झाल्या, काही चांगल्या चालल्या, काही पुढे बंदही पडल्या. उपसा म्हटलं की विजेचं बिल आलं, पंपाची दुरुस्ती आली, आणि पाऊस सलग चुकला की विहीरच रिकामी. राज्याच्या कालव्यांवर आजही पाणी मुख्यतः जमिनीच्याच हिशोबाने मिळतं, माणशी नाही. साळुंखे २००२ साली गेले. पण पाणी वाटताना माणसं मोजता येतात, आणि तसं वाटलेलं पाणी माणसं मान्य करतात, हे करून दाखवलेलं आहे. करून दाखवलेली गोष्ट कोणाला ‘अशक्य’ म्हणता येत नाही. एवढंही खूप असतं.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर मला एक साम्य दिसतं. तिन्ही ठिकाणी सुरुवात एवढीशी होती. एक गल्ली, एक तालुका, एक ४० एकराचा माळ. तिन्ही ठिकाणी नियम असा होता, की न शिकलेल्या माणसालाही तो पाठ व्हावा आणि कोणी लबाडी केली तर पटकन पकडता यावी. आणि तिन्ही ठिकाणी ज्याच्याकडे जास्त होतं त्याला थोडं सोडावं लागलं, ते चोरून नाही, तोंडावर सांगून. कोणालाही काही न सोडता सगळ्यांचं भलं होईल असं सांगणारी कल्पना आली, की मी पाकीट सांभाळतो.

आता आपल्या घरच्या पाण्यावर येतो. अध्यक्ष हसत आहेत, त्यांना माहीत होतं मी येणार.

येत्या महिन्यात आपली विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर तिसरा विषय आहे, ‘उन्हाळ्यातील टँकरच्या खर्चाची विभागणी’. दर वर्षी मार्चमध्ये महापालिकेचं पाणी कमी होतं, एप्रिलमध्ये बोअर आचके देते, आणि गेटवर टँकर उभा राहतो. खर्च चाळीस फ्लॅटमध्ये सारखा वाटला जातो. गेल्या दोन सभांत यावरून काय काय बोललं गेलं ते इतिवृत्तात आहे, आणि जे इतिवृत्तात नाही ते सगळ्यांच्या लक्षात आहे. दोन शेजारी त्यानंतर एकमेकांशी बोलत नाहीत. दिवाळीचा फराळ एका दारातून दुसऱ्या दारात गेला नाही. म्हणून मी हा विषय आजच्या आनंदाच्या दिवशी काढतो आहे. सभेत काढला असता तर कोणी ऐकून घेतलं नसतं.

थोडे आकडे. आपल्या नोंदवहीत आज माणसं आहेत १४८. शहरात माणशी रोजचं पाणी १३५ लिटर धरतात, हे सरकारी मानक आहे. १४८ गुणिले १३५ म्हणजे १९,९८० लिटर. वीस हजार म्हणा. दहा हजार लिटरचे दोन टँकर. म्हणजे महापालिकेचं एक थेंबही पाणी आलं नाही, तरी दोन टँकरमध्ये या सोसायटीतल्या प्रत्येकाला मानकाइतकं पाणी मिळायला हवं. पण मे महिन्यात थोडंफार पाणी येत असतानाही दोन टँकर पुरत नाहीत. मग वरचं पाणी जातं कुठे? काही गळतीत, काही भरून वाहणाऱ्या टाकीत, आणि काही रोज सकाळी पाईप लावून धुतल्या जाणाऱ्या गाड्यांवर. आणि टाकीतलं पाणी खाली उतरलं की सी विंगच्या चौथ्या मजल्यावर धार करंगळीएवढी होते. मी त्यांना आपल्या सोसायटीचा ‘टेल’ म्हणतो.

त्याच चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांना दिवसाला दोन बादल्या आणि एक हंडा लागतो. टँकरचा वाटा मात्र त्या सात माणसांच्या घराइतकाच भरतात, एक दिवसही उशीर न करता. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार केली नाही म्हणजे अन्याय नाही असं नसतं.

उपविधींमध्ये पाण्याच्या आकाराचा आधार नळांची संख्या आणि नळांचा आकार हा दिला आहे. ज्या काळात पाणी मुबलक होतं त्या काळात तो ठीक होता. नळ मोजणं सोपं. पण तहान नळाला लागत नाही. माझी सूचना अशी आहे, की उपविधींची चौकट सांभाळून, उपनिबंधक कार्यालयाचा सल्ला घेऊन, उन्हाळ्याच्या चार महिन्यांपुरता आपण पाणी पंचायतीचा नियम लावून पाहावा. माणशी १३५ लिटर हा प्रत्येकाचा हक्क, साध्या दराने. त्यापुढे जो वापरेल त्याने वरच्या पाण्याला दुप्पट दर द्यावा. त्या वरच्या पैशातून गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवण्याचं काम करावं, जे आपण गेली सहा वर्षं ‘पुढच्या वर्षी’ करतो आहोत.

यावर काय काय म्हटलं जाईल ते मला माहीत आहे. ‘आम्ही मोठा फ्लॅट घेतला, जास्त पैसे मोजले.’ मोजलेत. त्याबद्दल तुम्हाला जास्त खोल्या मिळाल्या. मत एकच मिळालं, आणि ते तुम्ही पंचवीस वर्षं मान्य केलंत. पाणीही मताच्या जातीचं आहे, फरशीच्या नाही. दुसरं, ‘माणसं मोजणार कोण, पाहुणे आले तर काय?’ पाहुण्यांचा हिशोब आपण करू नये, आपण इतके काही कंजूष नाही. महिनाभरापेक्षा जास्त राहणाऱ्याचं नाव नोंदवहीत घालावं. तिसरं म्हणणं मात्र खरं वजनदार आहे. आपल्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकघर, बाथरूम, संडास यांना वरून वेगवेगळे पाईप उतरतात. म्हणजे एका फ्लॅटला एक मीटर पुरत नाही, तीन लागतात. चाळीस फ्लॅटचे एकशे वीस मीटर. हा खर्च एकदम करा असं मी म्हणणार नाही. पागेसाहेबांनी एका तालुक्यात आधी करून पाहिलं, आपण एका विंगमध्ये पाहू. सी विंगमधल्या बारा फ्लॅटला छत्तीस मीटर, एक उन्हाळा. आकडे दर आठवड्याला फलकावर लावायचे. पटलं तर पुढे, नाही पटलं तर मीटर काढून ठेवू. मी सी विंगमध्येच राहतो, तेव्हा पहिले तीन मीटर माझ्या घराला लावा.

आणि शेवटचा मुद्दा, जो विषयपत्रिकेवर नाही. पाणी पंचायतीने भूमिहीनाला हक्क दिला. आपल्याकडचे भूमिहीन कोण? भाडेकरूंना आपल्या सभेत मत नाही, पण तहान आहे, त्यांची माणसं मोजलीच पाहिजेत. आणि पंपरूमच्या मागे जी वॉचमनची मोरी आहे, तिथल्या नळाचं काय? दुपारी आपण पाणी बंद करतो ते घरोघरच्या टाक्या भरून घेऊन. त्यांच्याकडे टाकी नाही. गेल्या मे महिन्यात दुपारी बारा ते पाच त्या नळाला पाणी नव्हतं. सफाईला येणाऱ्या बाई आणि घरकाम करणाऱ्या ताई याही तीच मोरी वापरतात. त्यांना पाच तास काय करावं लागत असेल ते भगिनींना मी सांगायला नको. कामाच्या ठिकाणी माणशी ४५ लिटर धरतात. आपल्याकडे दिवसभरात अशी वीस माणसं धरली तरी ९०० लिटर. एका टँकरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. मला वाटतं हे ९०० लिटर हिशोबाच्या पहिल्या ओळीत लिहावेत, उरलं तर देऊ अशा शेवटच्या ओळीत नव्हे. त्यासाठी पंपरूमवर एक हजार लिटरची वेगळी टाकी बसवावी लागेल. त्या टाकीला मीटर नको.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा समोर ज्वारीचं शेत होतं, रस्त्याला दिवे नव्हते, आणि पहिली दोन वर्षं बोअरचंच पाणी होतं. तेव्हा आपण बादलीने पाणी वाटून घेतलं होतं आणि कोणाचं कोणाशी भांडण झालं नव्हतं, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची बादली दिसत होती. आता पाणी पाईपमधून येतं, त्यामुळे दुसऱ्याची बादली दिसत नाही. मीटरचं काम एवढंच, की ती पुन्हा दिसावी.

माझी सूचना तुम्ही फेटाळलीत तरी मला वाईट वाटणार नाही. दुसऱ्या कोणाकडे याहून बरा नियम असेल तर त्याने आणावा, पहिलं अनुमोदन माझं. पण सभेला या. गणसंख्या पुरी न झाल्यामुळे अर्धा तास थांबून तहकूब सभा घ्यायची, आणि मग नऊ जणांनी चाळीस घरांचं पाणी ठरवायचं, ही प्रथा मात्र पंचवीस वर्षं पुरे झाली. रविवार, १८ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता, याच मांडवाच्या जागी. चहा माझ्याकडून.